भाडं घेणारा हात आणि सही करणारा हात

प्रिय ताई,

आम्ही गेली नऊ वर्षं एका बैठ्या घरात भाड्याने राहतो. मालकीणबाईंना मी मावशी म्हणते, आणि त्याही मला भाचीसारखंच वागवतात. घर त्यांच्या यजमानांनी घेतलेलं. काकांना जाऊन पाच वर्षं झाली. दोन मुलगे आहेत, दोघंही लांब असतात. थोरल्याला तर मी आजवर एकदाच पाहिलंय. मावशी अजून काकांच्या वेळच्याच पुस्तकातली पावती फाडून देतात, वर नावही त्यांचंच छापलेलं आहे.

मागच्या महिन्यात भाडं द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, ‘मला आता हे घर निभत नाही गं. परक्याच्या हाती देण्यापेक्षा तुम्हीच घेऊन टाका. मध्ये दलाल कशाला? त्याचे पैसे आपले आपल्याला.’ आकडाही सांगितला. कोपऱ्यावरच्या घराला तेवढेच आले म्हणतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून दहावा हिस्सा लगेच हवा. बाकीचे पाच वर्षांत जमतील तसे द्या, फिटले की घर तुमच्या नावावर करू, असं म्हणाल्या. मी कागदाचा विषय काढला तर म्हणाल्या, ‘आपल्यात कागद कशाला?’

आमच्या ह्यांचं म्हणणं, नऊ वर्षं भाडं भरलं, स्वयंपाकघराचा ओटा आपल्या पैशाने केला, गळणारं छप्पर दोनदा दुरुस्त केलं, ते सगळं किमतीतून वजा व्हायला हवं. मला तर मावशींशी घासाघीस करायचीच लाज वाटते. किंमत योग्य आहे हे कसं कळणार? आणि नाही म्हटलं तर घर सोडावं लागेल का?

– एक भाडेकरू

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमच्यासारखाच मलाही किमतीचा प्रश्न मोठा वाटला. दुसऱ्या वाचनात पावतीपुस्तकापाशी अडखळले. काकांना जाऊन पाच वर्षं झाली आणि पावती अजून त्यांच्या नावाने फाटते, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली त्याच एका वाक्यात आहे.

भाडं घेणं आणि घर विकणं हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला मावशींकडे आहे असं तुम्ही नऊ वर्षं धरून चाललात, आणि त्यात काही चुकलं नाही. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या देशांत तर भाडेकरूने, राहतोय तोवर, ज्याने घर दिलं त्याच्या मालकीवर शंका घेऊ नये असा जुना नियमच आहे. भाडेकरू म्हणून हा प्रश्न तुमचा नव्हताच. पण खरेदीला उभं राहिलात की तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो: हे घर आज नक्की कोणाचं आहे?

घर काकांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ते गेल्यावर घर त्यांच्या वारसांकडे गेलं. मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिल्याप्रमाणे, नसेल तर तुम्ही राहता तिथला कायदा सांगेल त्याप्रमाणे. मावशी एकट्या मालक असतील, तीन मालकांपैकी एक असतील, किंवा त्यांना आयुष्यभर राहायचा हक्क असेल आणि विकायचा नसेल. यातलं काय खरं ते मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि माझा अंदाज असा की खुद्द मावशींनाही ते नीट ठाऊक नसावं. त्या खोटं बोलताहेत असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या घराची भिंत न् भिंत आपण पुसली, ते आपलंच आहे असं माणूस धरून चालतो. नाव बदलायचं काम राहून जातं, मुलं म्हणतात बघू पुढच्या खेपेला, आणि पावतीपुस्तक संपेपर्यंत तेच चालतं.

माझ्या एका आतेभावाने असंच राहतं घर मालकाकडून घेतलं. दोन्ही घरांचा घरोबा होता. पैसे दिले, सही झाली, रंगही काढून झाला. मग एके दिवशी मालकाचा भाऊ दारात उभा. वडिलांच्या वेळचं घर, त्याचा अर्धा वाटा, आणि त्याला या विक्रीतलं अक्षरही माहीत नाही. घर शेवटी आतेभावाकडेच राहिलं, पण त्या भावाला वेगळे पैसे देऊन. म्हणजे दीडपट किमतीला पडलं. आणि मालकाशी असलेलं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. गंमत म्हणजे (तेव्हा ती गंमत नव्हती) तो भाऊ दोन वर्षांपूर्वी एकदा घरी येऊन जेवून गेला होता. त्याला त्या वेळी विचारावं असं कोणाच्याच मनात आलं नाही.

तेव्हा तुमचं पहिलं काम आहे मावशींना हा प्रश्न विचारणं. लाज वाटते ना? मग वकिलाच्या खांद्यावर बंदूक ठेवा, वकील त्याचेच पैसे घेतो. असं म्हणा: ‘मावशी, आम्हाला घ्यायला आवडेल. पण आम्हाला कर्ज काढावं लागणार, आणि बँक काही माझ्यासारखी तुमची भाची नाही. काकांच्या नावाचा मूळ दस्त, त्यांनी काही लिहून ठेवलं असेल तर ते, आणि दोन्ही दादांची संमती लागेल, असं वकील म्हणतात.’ एवढं बोलून गप्प बसा. त्या काय म्हणतात ते ऐका. ‘हो, कपाटात आहेत, धाकट्याला विचारते’ असं म्हणाल्या तर निम्मं काम झालं. ‘मुलांना यातलं काही सांगू नकोस’ असं म्हणाल्या, तर मावशी कितीही चांगल्या असोत, तिथेच थांबा.

मुलांचा हिस्सा निघाला तर दोन वाटा असतात: तेही विक्रेते म्हणून सह्या करतील, किंवा आधी आपला हक्क आईच्या नावे रीतसर सोडून देतील. फोनवरचं ‘आमची काही हरकत नाही’ उपयोगाचं नाही. लांब असल्यामुळे मुलांनी कोणाला कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) दिलं असेल तर मूळ प्रत बघा, त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का तेही बघा. घर सांभाळायचा अधिकार आणि घर विकायचा अधिकार यांत फार अंतर आहे. शिवाय देणारा माणूस गेला की साधारणपणे त्याच्याबरोबर मुखत्यारपत्रही जातं. तेव्हा काकांनी कधीकाळी मावशींना करून दिलेलं काही निघालं, तर ते आता आठवण म्हणून जपायचं.

नोंदवहीत नाव दिसलं म्हणजे मालकी पक्की झाली असंही सगळीकडे नसतं. १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी एक पद्धत आणली: सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. ही पद्धत पुढे बऱ्याच देशांनी उचलली, पण सगळ्यांनी नाही. अनेक ठिकाणी नोंदणी कार्यालय फक्त दस्त नोंदवून घेतं. दस्त करणारा खरा मालक होता की नाही याची हमी देत नाही. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते वकील एका वाक्यात सांगेल. दुसरी असेल तर मागचे दस्त एकामागून एक लावून बघावे लागतात. काकांनी घरावर कर्ज काढलं होतं का, ते फिटलं का, आणि फिटल्याची नोंद झाली का, हेही त्यातच कळतं. पैसे फिटले पण बोजा उतरवायचा राहिला, असं फार घरांच्या बाबतीत असतं.

आता ‘आपल्यात कागद कशाला’.

ताई म्हणून सांगते, कागद आपल्यातच लागतो. परक्याशी आपण आधीच सावध असतो. आणि इथे तर कागद नसेल तर बहुतेक देशांत व्यवहार झालाच असं धरत नाहीत. इंग्लंडने १६७७ मध्येच कायदा केला की जमीनजुमल्याच्या विक्रीचा करार लेखी आणि सही केलेला नसेल तर न्यायालयात तो चालणार नाही. कायद्याचा हेतू फसवणूक रोखणं हा होता. लोक खोटे साक्षीदार उभे करून तोंडी करार ‘सिद्ध’ करत. मावशी फसवणार नाहीत. पण पाच वर्षांनी तुमच्यासमोर मावशीच असतील याची खात्री कोण देणार? ऑपरेशन ठरलेल्या बाईच्या बाबतीत हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण तुमच्या पाच वर्षांच्या योजनेतली खरी भीती हीच आहे. तीन वर्षं हप्ते भरले, मावशी गेल्या, मुलगे आले. त्यांच्या हातात घराचे कागद, तुमच्या हातात बँकेचं पासबुक. ते म्हणतील, ‘हे पैसे? भाड्याचे असतील.’ आणि पासबुकात दर महिन्याची एंट्री भाड्यासारखीच दिसेल.

अशा हप्त्यांच्या खरेदीत घर कसं जातं हे शिकागोच्या लोकांनी भोगलेलं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना बँका घरासाठी कर्ज देत नसत. मग हजारो कुटुंबांनी थेट विकणाऱ्याकडूनच हप्त्यांवर घरं घेतली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच. एक हप्ता चुकला तरी घर परत घ्यायची सोय करारात होती, आणि तोवर भरलेलं सगळं बुडायचं. दुरुस्ती मात्र घेणाऱ्याने करायची, कारण घर ‘त्याचं’! १९६८ मध्ये या लोकांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग नावाची संघटना उभारली आणि हप्ते रोखून लढा दिला. तिथे विकणारे लबाड होते आणि तुमच्या मावशी प्रेमळ आहेत, हा फरक मला मान्य आहे. पण ‘पैसे आधी, मालकी शेवटी’ हा सांगाडा तोच आहे, आणि तो विकणाऱ्याचा स्वभाव बघून चालत नाही.

त्यापेक्षा कर्ज काढून एकदाच व्यवहार उरकता आला तर सगळ्यात बरं. मावशींना हप्त्यानेच पैसे हवे असतील (काहींना दरमहा येणारी रक्कम खरंच सोयीची असते), तर उलटं करा: घर आज तुमच्या नावावर, आणि राहिलेल्या पैशांसाठी ते घर मावशींकडे गहाण. म्हणजे तुम्ही चुकलात तर त्यांच्या हातात काहीतरी आहे, आणि त्यांना काही झालं तर वारसांचा हक्क राहिलेल्या पैशांवर आहे, घरावर नाही. हा दस्त वकिलाकडूनच करून घ्या, आणि तुमचा वकील वेगळा, त्यांचा वेगळा. एकाच वकिलात भागवून वाचवलेले पैसे फार महाग पडतात.

राहिला ऑपरेशनचा दहावा हिस्सा. तुम्हाला मदत करायची आहे, हे तुमच्या पत्राच्या सुरावरूनच कळतं. मग ती मदत म्हणून करा, खरेदी म्हणून नको. जेवढी रक्कम परत यायला दोन वर्षं लागली तरी तुमचं अडणार नाही, तेवढीच द्या, आणि ‘हातउसने दिले’ अशी दोन ओळींची चिठ्ठी त्यांच्याकडून घ्या. पुढे घराचं जमलं तर ती रक्कम किमतीत वळती करता येईल. तेही चिठ्ठीत लिहा. जमलं नाही तर उसने पैसे आहेत, एवढंच. खरेदीपोटी इसार द्यायचा असेल तर मालकी नक्की झाल्यावर, लेखी करारावर, बँकेतून, आणि मुलांनी सही नाकारली किंवा आमचं कर्ज मंजूर झालं नाही तर अमुक दिवसांत रक्कम परत, या अटीसह. तोवर भाडं चालू ठेवा, वेगळ्या व्यवहाराने, दर वेळी ‘भाडं’ असं लिहून. पावतीवर मावशींची सही तारखेसह घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, किंमत. कोपऱ्यावरच्या घराला किती आले हे मावशींना कोणी सांगितलं? मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत करणं हा सगळ्या गल्ल्यांचा आवडता उद्योग आहे. आणि एकदा आकडा कानावर पडला की तो डोक्यातून जात नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसान शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी घरांचे दलाल आणि विद्यार्थी यांना एक खरं घर दाखवलं, सगळ्यांना माहिती तीच दिली, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांचा अंदाज मोठा निघाला, दलालांचासुद्धा. वर दलालांचं म्हणणं, मागितलेल्या किमतीचा आमच्यावर परिणाम होत नाही! तेव्हा मावशींचा आकडा डोक्यात ठेवून ‘यात किती कमी करता येतील’ असं मोजू नका. तो बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरात आजूबाजूला खरंच विकल्या गेलेल्या दोन-चार घरांच्या नोंदलेल्या किमती काढा, आणि घराची किंमत ठरवणारा अधिकृत मूल्यांकनकार बोलवा. त्याची फी देताना जिवावर येईल, पण द्या. शक्य तर दोघींनी मिळून एकच नेमा आणि तो जे म्हणेल तिथून बोलायला सुरुवात करायची असं आधीच ठरवा. तुमची लाज तिथेच अर्धी कमी होईल, कारण मग घासाघीस तुमची मावशींशी नाही, दोघींची त्या अहवालाशी.

मावशींना आकडा जास्त सांगावासा वाटणं लोभ नव्हे, हेही ध्यानात घ्या. काह्नेमान, नेच आणि थेलर या संशोधकांचा १९९० चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे साधे मग वाटले, आणि विकायचे असतील तर किती घ्याल असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, किती द्याल? ज्यांच्या हातात मग येऊन काही मिनिटंच झाली होती, ती मुलं साधारण दुप्पट किंमत सांगत होती. हे काही मिनिटांच्या मगाचं. मावशींनी त्या घरात मुलं वाढवली.

आणि एक हिशेब घरी बसून करा. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून घराची किंमत १०० धरते. समजा वर्षाचं भाडं ३ आहे. म्हणजे ३३ वर्षांच्या भाड्याइतकी किंमत. तुम्ही पदरचे २० घातले आणि ८० कर्ज काढलं, व्याज ८ टक्के धरलं, तर पहिल्या वर्षी नुसतं व्याज ६.४० होतं. भाड्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यावर कर, दुरुस्ती, विमा. या हिशेबावरून घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. भाडं वाढत जातं, कर्ज घटत जातं, आणि आपल्या भिंतीत खिळा ठोकायला कोणाला विचारावं लागत नाही, याची किंमत कुठल्याच तक्त्यात बसत नाही. पण ‘भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा’ हे वाक्य हिशेब न करता म्हणू नका. तुमचे खरे आकडे घालून बघा, चित्र पार वेगळं दिसू शकेल.

तुमच्या मिस्टरांना माझं सांगणं: नऊ वर्षांचं भाडं विसरा. त्या पैशांत तुम्ही नऊ वर्षांचं छप्पर घेतलंत आणि ते वापरूनही झालं. भाडं किमतीत धरायचं असं आधीच ठरलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ओटा आणि छप्पर यांच्याबद्दल मात्र ते निम्मे बरोबर आहेत, फक्त दोन्ही एकाच पिशवीत घालू नका. गळकं छप्पर दुरुस्त करणं बहुतेक ठिकाणी मालकाचं काम असतं. बिलं असतील, मावशींना सांगून केलं असेल, तर ते पैसे मागायला संकोच नको. ओटा तुम्ही तुमच्या सोयीसाठी केलात, तो खर्च परत मागू नका. पण मूल्यांकन करणाऱ्याला ओटा आमचा आहे हे आवर्जून सांगा. नाहीतर चांगलं स्वयंपाकघर बघून तो किंमत वाढवेल आणि तुम्ही स्वतःचाच ओटा मावशींकडून पुन्हा विकत घ्याल.

दलालाचे वाचलेले पैसे कोणाचे? मावशींच्या मनात ते त्यांचे आहेत आणि तुमच्या मनात तुमचे, हे मी पैजेवर सांगते. त्या बाजारभाव सांगताना दलालीसकटचा भाव सांगतात, तुम्ही दलाली वजा करून मनातल्या मनात मोजता, आणि दोघींना वाटतं समोरची ताणते आहे. उघड बोला, निम्मे निम्मे करा. वकील आणि मूल्यांकनकार त्यातूनच होतील. दलाल गेला तरी त्याची कामं जात नाहीत, ती तुमच्या अंगावर येतात. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे समोरच्याला न आवडणारी गोष्ट सांगणं. तुमच्या घरात ते कोण करेल ते आजच ठरवा. तुम्ही नको, असं मला वाटतं.

घराची तपासणी करून घ्या म्हटलं तर तुम्ही म्हणाल, नऊ वर्षं राहतोय, आणखी काय बघायचं? १९७० मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यातून सगळा बाजार बिघडतो. त्यांना पुढे २००१ चं नोबेलही मिळालं. तुमच्या बाबतीत ते उलटं आहे: कुठल्या पावसात कुठे थेंब पडतो हे मावशींपेक्षा तुम्हाला जास्त माहीत. (ते लपवून किंमत कमी करायची नाही, सांगून कमी करायची. पुढे याच गल्लीत राहायचंय.) पण सवयीने दिसेनासं झालेलंही बरंच असतं. पावसाळ्यात घट्ट बसणारा एखादा दरवाजा तुमच्याकडे आहे का, जो तुम्ही खांदा देऊन उघडता? लाकूड फुगलं असेल, किंवा चौकटीखालची भिंत खचत असेल. दरवर्षी घरातले सगळे न बोलता खांदा देतात, आणि पाहुणा आला की त्याला शिकवतात. कपाट जिथे नऊ वर्षं उभं आहे तिथून ते ओढा आणि मागची भिंत बघा. पाया, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग हे भाडेकरू कधीच बघत नाही. ते बघायला जाणकार अभियंता लागतो. आणि मागच्या बोळात तुम्ही कपडे वाळत घालता ती जागा घराच्या हद्दीत आहे की शेजाऱ्याच्या, हे टेप घेऊन नकाशावरून मोजा. मालकी तुमची झाल्यावर शेजारी एकदम मोजायला लागतात.

घर सोडावं लागेल का? त्यांनी दुसऱ्याला विकलं म्हणून तुमचं राहणं तिथल्या तिथे संपतं असं बऱ्याच देशांत नसतं. जर्मनीत तर ‘विक्रीने भाडेकरार मोडत नाही’ हे तत्त्व कायद्यातच आहे; नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने, फर्निचरशिवाय भाड्याने दिलेलं राहतं घर मालकाने विकायचं म्हणून रिकामं करायला सांगितलं, तर ते घ्यायची पहिली संधी भाडेकरूला द्यावी लागते. तुमच्याकडे काय आहे ते वकिलाला विचारा. पण सगळीकडे पहिला प्रश्न एकच येईल: तुमचा भाडेकरार कुठे आहे? नऊ वर्षांपूर्वी काकांनी केलेला असेल आणि कधीच संपला असेल, तर खरेदीची बोलणी सुरू व्हायच्या आधी तो नवा करून घ्या. आज मावशींना तुम्ही हव्या आहात, त्या सहज करतील. किमतीवरून ताणाताणी झाल्यावर हीच मागणी वेगळी ऐकू येईल.

बाकी किरकोळ आहे, पण करारात लिहा: सुरुवातीला दिलेलं डिपॉझिट किमतीतून वजा, खरेदीच्या तारखेपासून भाडं बंद, त्या तारखेपर्यंतचा घराचा कर मावशींचा, मूळ कागद त्याच दिवशी ताब्यात. ताबा तुमच्याकडेच आहे म्हणून ‘ताबा दिला’ हे वाक्य गाळू नका. भाडेकरू म्हणून असलेला ताबा आणि मालक म्हणून मिळालेला ताबा, दोन्हीत घराची किल्ली तीच असली तरी कागद दोन लागतात.

आणि मुलग्यांशी बोलणं या सगळ्याच्या आधी. थोरल्याला एकदाच पाहिलंय म्हणता, तेव्हा धाकट्यापासून सुरू करा. त्याचा नंबर तुमच्याकडे असला तरी परस्पर फोन करू नका. पुढच्या महिन्यात भाडं द्यायला जाल तेव्हा मावशींनाच लावायला सांगा, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसा.